पुण्यात नवीन आलात? कुत्र्याच्या इंजेक्शनाचं आधी ऐका

मी 2008 मध्ये परभणीहून आले, तेव्हा डिपॉझिट, गॅस, बसचा पास सगळं लोकांनी समजावलं. कुत्र्यांचं कोणी बोललं नाही. दुसऱ्याच महिन्यात, वाघोलीत रात्रपाळीहून परतताना गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरी धरली. घरी फोन केला, तर आजी म्हणाली, तिखट भर. मी भरलं. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि मला थेट मोरीत नेऊन नळाखाली बसवलं.

वाहतं पाणी, साबण, पूर्ण 15 मिनिटं. कुत्रा चावला की रेबीज या जीवघेण्या आजाराचा धोका असतो, म्हणून पहिलं काम हेच. तिखट, हळद, चुना काही लावू नका. मग त्याच दिवशी ससून रुग्णालयात, नाहीतर मंगळवार पेठेत कमला नेहरू रुग्णालयात जा. पिंपरीकडे राहत असाल तर वायसीएमला, म्हणजे यशवंतराव चव्हाण रुग्णालयात. पोटात 14 सुयांची भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. ते दिवस कधीच गेले. आता लस दंडावर, कातडीत टोचतात: पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 दिवसांनी; स्नायूत देत असतील तर 14व्या दिवशी आणखी एक. रक्त आलं असेल तर जखमेतच सीरमही (रेबीजशी लगेच लढणारं तयार औषध) देतात, कारण लशीचा असर व्हायला आठवडाभर लागतो. ते टाळू नका.

पिल्लू होतं, नुसतं ओरखडलं, पाळलेलं होतं, म्हणून थांबू नका. गरोदर बाईलाही ही लस चालते. महिना उलटला असेल तरी जा, कारण रेबीजची लक्षणं दिसायला कधी कधी महिने लागतात आणि ती दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. मुलं मार बसेल म्हणून चावल्याचं लपवतात. त्यांना आजच सांगून ठेवा की कोणी रागावणार नाही.

रोज भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारे, प्राण्यांच्या दवाखान्यात किंवा निवाऱ्यात काम करणारे, यांनी चावण्याची वाट का पाहावी? डॉक्टरांना विचारून आधीच तीन डोस घ्या: पहिल्या दिवशी, 7व्या आणि 21व्या किंवा 28व्या दिवशी. पुढे कधी चावलंच तर दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही. पण जखम धुणं आणि दवाखाना तेव्हाही चुकत नाही.

आपल्यासारख्यांचा कोर्स बहुधा गावी जाण्यापायी अर्धवट राहतो. दिवाळीला निघताना लशीचं कार्ड पिशवीत टाका. राहिलेला डोस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेता येतो, फक्त आधी फोन करून लस आहे का ते विचारा.