जुन्या कॉम्प्युटरची रॅम घेण्याआधी लेबल वाचा

नवी रॅम घरी आणली आणि स्लॉटमध्ये बसलीच नाही, किंवा बसली पण मशीन सुरूच होईना. हे टाळायचं तर आधी जुनी रॅम काढून तिच्या लेबलचा फोटो घ्या.

समजा, लेबलवर ‘पीसी३एल-१२८००एस’ असं आहे. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३, रॅमची तिसरी पिढी. इथे डीडीआर२ किंवा डीडीआर४ बसत नाही, कारण रॅमच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. ‘एल’ म्हणजे १.३५ व्होल्ट (नुसतं पीसी३ असेल तर १.५). हे एक अक्षर सर्वात जास्त फसवतं: काही लॅपटॉप १.५ व्होल्टच्या रॅमवर सुरूच होत नाहीत. १२८०० म्हणजे १६०० चा वेग. शेवटचं ‘एस’ लॅपटॉपसाठी, ‘यू’ डेस्कटॉपसाठी.

मग दोन गोष्टी बघा:
१. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी: किती स्लॉट वापरात आहेत.
२. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये एकूण आणि प्रत्येक स्लॉटची कमाल मर्यादा.

लेबलवरच्या नंबरच्या शेवटी ‘आर’ असलेली स्वस्त रॅम दिसली तर घेऊ नका. ती सर्व्हरची असते, साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.