शेजारच्या सांडपाणी केंद्रांच्या चालकांचा गट कसा चालवावा

जवळपासच्या नगरपरिषदांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवरील चालकांनी आळीपाळीने एकमेकांच्या केंद्रावर जमावे. जर्मनीत अशी शेजारमंडळे अनेक दशके चालू असून तिथे अनुभवी तज्ज्ञ मार्गदर्शन करतो. टाकीच्या काठावर शिकलेले सभागृहातील व्याख्यानापेक्षा अधिक लक्षात राहते, म्हणून बराचसा वेळ प्रत्यक्ष चाचणीला द्यावा.

वायुवीजन टाकीतील (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) सांडपाणी व गाळाचे मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन 30 मिनिटे न हलवता ठेवावे. गाळ 300 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला आणि मिश्रणात लिटरमागे 3 ग्रॅम घन पदार्थ असतील, तर गाळाचा निर्देशांक (बसलेल्या गाळाचे मिलिलिटर भागिले घन पदार्थांचे ग्रॅम) 100 येतो. तो 150 च्या पुढे गेल्यास गाळ फुगत असल्याची, म्हणजे तो नीट खाली बसत नसल्याची, शंका घ्यावी. मात्र नीट बसलेला गाळ तासा-दोन तासांत वर तरंगू लागला, तर बहुधा तळाशी तयार होणारा नायट्रोजन वायू त्याला उचलत असतो, आणि उपायही वेगळा लागतो.

प्रत्येकाने आपल्या नोंदवहीतील खरे आकडे आणावेत. वरिष्ठांसाठी सजवलेल्या आकड्यांवर चर्चा करून काहीच हाती लागत नाही. ब्लोअरचे पट्टे, पंपाचे सील आणि वायुशोधक यंत्र एकमेकांना उसने देता यावे यासाठी मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवावी.