सूर्याचं चुंबकीय क्षेत्र शिकताना: सुरुवात एका आलेखापासून

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पहिल्यांदा गेले, तेव्हा मोबाइल, किल्ल्या आणि केसातल्या पिनासुद्धा बाहेर काढून ठेवल्या होत्या. तिथल्या जुन्या खोल्या लोखंड टाळून बांधलेल्या आहेत. मुंबईच्या ट्राम विजेवर धावायला लागल्या की कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ही वेधशाळा उभी राहिली. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, प्रकल्पाचा विषय होता सूर्याचं चुंबकीय क्षेत्र, आणि डोक्यात चित्र होतं शाळेतलं: पट्टीचुंबक आणि कागदावर पसरलेला लोहकीस.

ते चित्र आधी बाजूला ठेवा. सूर्य नुसता पट्टीचुंबक असता तर अंतर दुप्पट झाल्यावर क्षेत्र आठपट घटलं असतं आणि पृथ्वीपाशी जवळपास काहीच उरलं नसतं. पण सूर्यावरून प्रभारित कणांचा वारा अखंड सुटत असतो आणि तो क्षेत्राला ओढत बाहेर नेतो. युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये हे मांडलं. दिवाळीतलं भुईचक्र आठवा. ठिणगी सरळ बाहेर उडते, पण तोंड फिरत असल्याने एकामागून एक सुटलेल्या ठिणग्यांची रांग वळलेली दिसते. सूर्याच्या क्षेत्ररेषाही अशाच वळतात.

यावर नुसतं वाचू नका, वही घ्या. वाऱ्याचा वेग सेकंदाला 400 किलोमीटर, अंतर 15 कोटी किलोमीटर, म्हणजे प्रवास सव्वाचार दिवसांचा. सूर्याचा फिरण्याचा कोनीय वेग गुणिले अंतर, भागिले वाऱ्याचा वेग, हे उत्तर 1 च्या आसपास येतं. म्हणजे पृथ्वीपाशी रेषा सुमारे 45 अंशांनी कललेली. यानांची सरासरी मोजमापंही तेच सांगतात. मला हा विषय आपला वाटायला लागला तो हे गणित वहीत सोडवलं त्या संध्याकाळी.

या क्षेत्राची धाव किती? व्हॉयेजर 1 हे यान ऑगस्ट 2012 मध्ये सूर्याचं राज्य ओलांडून गेलं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 121 पट लांब. तिथे क्षेत्राची दिशा बदलेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, ती फारशी बदललीच नाही. यान खरंच बाहेर पडलंय याची खात्री पटली ती नंतर, प्लाझ्माच्या, म्हणजे प्रभारित कणांच्या वायूच्या, कंपनांवरून घनता कळली तेव्हा.

पृथ्वीपाशी मात्र हे क्षेत्र साधारण 5 नॅनोटेस्लाच (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं. अलिबागला पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आहे 40 हजारांच्या वर. मग 5 ने काय बिघडतं? इथे आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. उत्तर-दक्षिण घटक, ज्याला सगळे ‘बी-झेड’ म्हणतात, तो दक्षिणेकडे वळला की पृथ्वीच्या रेषा तुटून सूर्याच्या रेषांशी जुळतात आणि ऊर्जा आत शिरते. 1859 च्या सौरवादळात कुलाब्याला क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली आला होता. ती नोंद आजही जगभर अभ्यासली जाते आणि ती आपल्या मुंबईची आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्हीही कराल. एका वादळाच्या बी-झेडची सरासरी काढली तर ती शेकड्यांत आली. दोन दिवस मी नव्या शोधाच्या आनंदात. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: 9999.99. ते मोजमाप नव्हतंच. नोंद नसलेल्या जागी भरलेला आकडा होता. तेव्हापासून कुठलीही फाइल आली की आधी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा बघते, मगच पुढे जाते.

मार्गाबद्दल थोडक्यात. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., त्यासोबत नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा, आणि पायथॉन ही संगणकभाषा चांगली हातात असायला हवी. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था, बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, या जागा बघा. 2 सप्टेंबर 2023 ला निघालेल्या इस्रोच्या आदित्य-एल1 या सूर्य अभ्यासणाऱ्या यानावर चुंबकमापक आहे, आणि इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर त्याची माहिती नोंदणी करून मिळते. प्रवेशाची वाट बघत बसायची गरज नाही.

पहिला सराव म्हणून 10 मे 2024 ची रात्र घ्या, ज्या रात्री लडाखच्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. आलेख काढा: वर बी-झेड, खाली अलिबागचा क्षितिजसमांतर घटक, वेळेचा अक्ष एकच. बी-झेड मोजणारं यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटर अलीकडे, सूर्याच्या बाजूला आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला 700 किलोमीटर धरलात तर वरची घडामोड खाली पोचायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. फरक दिसलाच नाही, तर फाइलमधल्या वेळा आधीच पुढे सरकवलेल्या आहेत का ते तपासा. काही संचांत त्या सरकवूनच दिलेल्या असतात.