हलशीला सायकलनं जाताना

बेळगावहून हलशीला जायचं तर पहाटेच निघा. खानापूरपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर गाड्यांच्या वर्दळीचे, ते ऊन चढायच्या आत संपवलेले बरे. हवा आणि ब्रेक तिथंच एकदा बघून घ्या. वाटेत नंदगडला थांबाच. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली इथं फाशी दिली, त्यांची समाधी इथंच आहे. हलशी ही कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधोमध उभं राहून दोन्हीकडे निवांत बघा, फार सुंदर आहे ते. पावसाळ्यात मात्र तांबडा चिखल मडगार्डात गच्च बसतो, चाक फिरेनासं होतं. बोटभर जाडीची काडी आणि जुना टूथब्रश पिशवीत असू द्या. चिखल ओला असतानाच काढायचा, वाळला की निघत नाही.