बोर्डो मिश्रण करताना या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी झाली आणि आभाळ भरून आलं, की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं तासगावच्या द्राक्षबागांत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) भिजत पडतं. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, 100 लिटर पाणी, हे बोर्डोचं प्रमाण सगळ्यांना पाठ. चुका होतात त्या पुढं.

आमच्या वडिलांनी एकदा रात्रभर पत्र्याच्या पिंपात मोरचूद भिजवलं. सकाळी पिंपाला आतून तांबूस कीट चढलेलं आणि पाण्याची निळाई उतरलेली. लोखंड विरघळतं नि तांबं त्याच्यावर येऊन बसतं. म्हणजे औषध वेलीआधी पिंपालाच मारलं. प्लॅस्टिकचं पिंप घ्या.

लोखंडाची हीच खोड कामालाही येते. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस झाक आली तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते कोवळी पानं करपवणार. अजून चुन्याचं पाणी घाला, परत बघा. हवेत फुललेला जुना चुना किलोला किलो घालूनही कमी पडतो, तेव्हा काट्यापेक्षा विळ्याचं ऐका. चुना विझवून गार झाल्यावरच मोरचुदाचं पाणी त्यात बारीक धारेनं सोडायचं, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

"थोडं जास्त मारलं तर काय बिघडतं?" ही मात्र सगळ्यात महाग चूक. किलोभर मोरचुदात साधारण पाव किलो तांबं असतं. एकरी 400 लिटर फवारलं, की किलोभर तांबं रानात गेलं, म्हणजे हेक्टरी अडीच किलो. ते मूलद्रव्य आहे; कुजत नाही, उडून जात नाही, वरच्या थरात साठत राहतं आणि गांडुळं हटतात. युरोपात 2019 पासून 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा आहे. वर्षाला अशा चार फवारण्या धरल्या, तर आपला तो वाटा तिसऱ्याच वर्षी संपतो.

तोंडाला मास्क हवाच. वर्षानुवर्षं हे तुषार ओढणाऱ्या पोर्तुगालच्या बागकामगारांच्या फुप्फुसांत तांबं सापडलं होतं. पंप ओढ्यात धुऊ नका, माशांना थोडंही पुरतं. निळे खडे पोरांना खडीसाखरेसारखे दिसतात, कुलपात ठेवा.

आणि फवारलेल्या बागेत मेंढरं सोडू नका. गाय, शेळी बरंच निभावते, मेंढराला जमत नाही. तांबं यकृतात साठतं, कित्येक आठवडे काही कळत नाही, मग एक दिवस लघवी लाल होते नि जनावर पडतं. वाड्यावरच्या धनगराला आधीच सांगून ठेवा.