कान लावून पाहायचा सिनेमा: ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’

तीस वर्षं मी मुंबईत फॉलीचं, म्हणजे सिनेमात पावलांसारखे आवाज मागाहून भरायचं काम केलं. पडद्यावर हिरो ऐटीत चालायचा, पावलं माझी वाजायची. पायऱ्या, चिखल, वाळू, सगळं चपला बदलून. त्यामुळे डिसेंबर आला की आमच्या मजल्यावरची पोरं विचारतात, “काका, तो जुना ख्रिसमसचा सिनेमा बघायचाय, झोप नाही ना येणार?” येणार नाही, पण मी सांगतो तसा बघा.

आधी प्रत पारखून घ्या. सिनेमा १९४६ चा. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना तो फुकटात सापडला. दर नाताळात दाखवून दाखवून त्यांनी तो घराघरांत नेला. पहिल्या खेपेला थिएटरात खर्चही न निघालेला सिनेमा असा तरला. पण फुकटच्या मालाला कोण जपतं? खरखरीत, धुरकट प्रती सगळीकडे पसरल्या, त्या अजून फिरतात. दुरुस्त केलेली प्रत शोधा आणि ती कृष्णधवलच असू द्या. मागाहून रंग भरलेलीही एक मिळते. दिग्दर्शक फ्रँक काप्रा आणि नायक जेम्स स्टुअर्ट, दोघांनीही तिला विरोध केला होता. माझ्या मते तर ती नुसती मेकअप फासलेली आजी दिसते.

पहिल्यांदा १३० मिनिटं सलग बघा, काही शोधू नका. गावात अडकून पडलेला जॉर्ज बेली ख्रिसमसच्या आदल्या रात्री पुलावर जीव द्यायला का जातो, ते आधी मनाला लागू द्या. रडू आलं तर रडा. मी दर वर्षी रडतो, बायको दर वर्षी हसते.

दुसऱ्यांदा बघताना हेडफोन लावा आणि बर्फावरची पावलं ऐका. त्या काळी हॉलिवूडमध्ये बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे. दिसायला झकास, पण पाय पडला की कुर्रम! पापडाच्या डब्यात उभं राहून प्रेमाचे संवाद म्हणावेत, तसला प्रकार. मग सगळे संवाद पुन्हा डब करायचे. काप्राला आवाज तिथल्या तिथे हवा होता. आरकेओ स्टुडिओच्या इफेक्ट विभागातल्या रसेल शर्मननं आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळलं आणि ते मिश्रण जोरानं पंख्यासमोर सोडलं. बर्फ भुरभुरला, चिकटला आणि मुख्य म्हणजे गप्प राहिला. या शोधाला पुढे ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. शेवटाकडे जॉर्ज ओरडत गावभर धावतो, तिथे तर कान टवकारूनच बसा.

आता पुलावर थांबा आणि स्टुअर्टचं कपाळ बघा. घाम आहे तो! शूटिंग एप्रिल ते जुलै चाललं, कॅलिफोर्नियातल्या एन्सिनोमध्ये. तिथे चार एकरांवर अख्खं गाव उभं केलं होतं, रस्त्याकडेला मोठाले ओक आणून लावले होते. त्या उन्हात बिचारा गरम कोट घालून कुडकुडतोय.

जॉर्जचा बिली काका झिंगून घराबाहेर पडतो, ती जागा मागे नेऊन दोनदा ऐका. चौकटीबाहेर धडाडधूम होतं आणि काका ओरडतो, मी ठीक आहे! सेटवरच्या कुणाच्या तरी हातून सामान पडलं होतं. काकाचं काम करणाऱ्या थॉमस मिचेलनं तो अपघात जागच्या जागी पचवला. माझ्या हातून डबिंग थिएटरात पितळेची परात पडली होती, तेव्हा मला मात्र शिव्या खाव्या लागल्या.

नाचाच्या प्रसंगात जमीन दुभंगून खाली पोहण्याचा तलाव निघतो, तो सेट नव्हे, बेव्हर्ली हिल्स हायस्कूलची खरी व्यायामशाळा. ते पुरेसं आहे, पुढे चला.

बारमध्ये जॉर्ज देवाला हाक मारतो, तिथे आवाज बंद करून फक्त चित्र बघा. प्रतिमा जरा दाणेदार वाटेल. स्टुअर्ट युद्धात जर्मनीवर बॉम्बफेकीच्या मोहिमा करून परतला होता, परतल्यावरचा हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्या प्रार्थनेत त्याला खरंच रडू फुटलं. कॅमेरा लांब होता आणि तसं रडणं पुन्हा मागून मिळणारं नव्हतं. म्हणून काप्रानं लॅबमध्ये फ्रेमन् फ्रेम मोठी करून क्लोजअप तयार केला.

सिनेमा संपला की स्वयंपाकघरात जा. जाड कापडी पिशवीत कॉर्नफ्लॉवर भरा, तोंड घट्ट बांधा आणि कानाजवळ धरून हळूहळू दाबा. बर्फावरचं पाऊल वाजेल. आम्ही तसंच करायचो. गाठ मात्र दोनदा तपासा, नाहीतर खराखुरा बर्फ पडेल ओट्यावर.