सेवेत नवीन आहात? मी थकले तेव्हाची गोष्ट

नर्सिंग संपवून एका मिशन हॉस्पिटलात लागले तेव्हा मी २२ वर्षांची होते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मुलांची रविवारची शब्बाथशाळा माझ्याकडे, बुधवारच्या प्रार्थनासभेत पेटी वाजवणं माझ्याकडे, नाताळात मुलांचं नाटक बसवायचं तेही माझ्याकडे. देवाच्या कामाला नाही म्हणता येतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

चौथ्या वर्षी एका रात्रपाळीत एका आजींनी माझा हात धरला. "सिस्टर, माझ्यासाठी जरा प्रार्थना करा ना." मी डोळे मिटले आणि आत काहीच नव्हतं. पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हटली, सलाईन बघितलं आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडले. खुणा तशा कधीच्या दिसत होत्या. पवित्र शास्त्र उघडायचे ते फक्त रविवारचा धडा तयार करायला. फोन वाजला की आधी चीड यायची, मग त्या चिडीची लाज. तुमचं असं होत असेल तर आपला विश्वास कमी पडला असं लगेच समजू नका. मी तसं समजले, उपास वाढवले, पहाटे आणखी लवकर उठू लागले आणि आणखी खचले.

मंडळीतल्या एक मावशी निवृत्त नर्स. त्यांनी मला घरी नेलं, पिठलं-भाकरी वाढली आणि मग म्हणाल्या, "पवित्र शास्त्रातलं १ राजे हे पुस्तक, १९ वा अध्याय वाच. एलीया किती वेळा झोपला ते मोज."

दोनदा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देव त्याला रागवत नाही. देवदूत निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. ४० दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचतो, आणि देव विचारतो ते तिथे: तू इथे काय करतोस? त्याचं गाऱ्हाणंही देव दोनदा ऐकून घेतो. मी एकटाच उरलो, हे ते गाऱ्हाणं. देव सांगतो, इस्राएलात ७,००० राखून ठेवलेत. शिवाय सोबतीला आणि पुढे त्याची जागा घ्यायला अलीशा मिळतो. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले, कारण 'मी नाही केलं तर कोण करणार' हे वाक्य मी रोज म्हणत होते.

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, मी तुम्हांला विसावा देईन" हे येशूचं वचन आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच्या पुढच्याच ओळीत येशू जू घ्यायला सांगतो, ते मला खटकायचं. विसावा मागायला आलेल्याच्या मानेवर पुन्हा जू? उत्तर वडिलांच्या शेतात होतं. नवा गोऱ्हा ते नेहमी जुन्या, शिकलेल्या बैलाबरोबर जुंपत. जू नीट बसलं नाही तर खांदा सुजतो, आणि सुजलेल्या खांद्यावर जाणता शेतकरी जू ठेवत नाही. प्रभू आपलं जू सोयीचं आहे म्हणतो. माझ्या खांद्यावर लोकांच्या अपेक्षांचं होतं, थोडं माझ्या मानाचंही.

मग मी काय केलं? रविवारी ड्यूटी लागायची, म्हणून गुरुवार ठरवला. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात शब्बाथाचा, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाचा, विसावा दासदासींना, बैलालाही सांगितलाय. मग नर्सला का नाही? त्या दिवशी भरपूर झोपायचं, एकच स्तोत्र मोठ्याने आणि सावकाश वाचायचं, कुणासाठी काही तयार करायचं नाही. पहिले काही गुरुवार अपराधी वाटलं. वाटू द्या, जातं ते. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलं की पेटी आणि नाटक सोडते. ते नाराज होतील असं वाटलं होतं, त्यांनी खुर्ची पुढे केली. झोप आणि भूक मात्र आठवडेच्या आठवडे गेली असेल तर डॉक्टरांकडेही जा. एलीयालाही आधी भाकरच मिळाली.

शब्बाथशाळेचा वर्ग तरुण संघातल्या दोघांना दिला, त्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले. पुढे काही करायचं नव्हतं. प्रभूभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे केले, तेव्हा कितीतरी महिन्यांनी ते रिकामे होते.